पाठमोरं हसू

चंद्रपूरच्या बसस्टँडवर उसाच्या रसाचा ग्लास ओठाला लावलेला असताना इतवारीला स्वतःचा चेहरा आपल्यापासून लांब जाताना दिसला. चेहरा हसत होता. एका बाईच्या डोक्याला मागच्या बाजूने, अंबाड्यावर, तो इलॅस्टिकने बांधलेला होता आणि ती बाई हातात तेलाचा डबा घेऊन जंगलाकडच्या मोहर्लीच्या गाडीकडे चालली होती. फुगलेले गाल, ओठांबाहेर आलेले पुढचे दोन दात, कानापर्यंत ताणलेलं तोंड. पस्तिशीतला लच्छू. ज्या चित्रपटाने इतवारी सिडामचा लच्छू केला, त्याच्या जाहिरातीसाठी निर्मात्याने असे प्लास्टिकचे मुखवटे टॉकीजवर वाटले होते. पण त्याला कितीतरी वर्षं झाली होती. रस तसाच ठेवून तो त्या चेहऱ्यामागे चालायला लागला. आपणच आपल्या मागे चाललो आहोत आणि पुढचा आपल्याला हसतो आहे, असं त्याला वाटलं. बाई गाडीत चढली, खिडकीशी बसली, तिने वळून पाहिलं तेव्हा तो सवयीने हसला. तिने पदर सारखा केला आणि तोंड फिरवलं. तोंड फिरवल्यावर पुन्हा लच्छूच त्याच्याकडे बघून हसायला लागला. गाडी सुटली. मग त्याच्या लक्षात आलं, की हे वाघासाठी आहे. वाघ मागून येतो, माणसाची नजर आपल्यावर आहे असं वाटलं तर सहसा झडप घालत नाही, म्हणून जंगलात जाणारी माणसं आता डोक्यामागे मुखवटा बांधतात, हे त्याने वाचलं होतं. ती बाई शहरात आल्यावर तो काढायला विसरली असावी. किंवा शहरातही पाठ उघडी ठेवायची तिला भीती वाटत असावी.

मुंबई सोडल्यावर शहरातल्या तुकूम भागात घेतलेल्या दोन खोल्यांत येऊन तो पडला, पण डोळा लागेना. त्या चेहऱ्यात काहीतरी खटकत होतं. म्हातारपणी स्वतःचा तरुण चेहरा बघितला की असं होत असेल, अशी त्याने समजूत घातली. मग उठला, बेसिनवरच्या आरशासमोर उभा राहिला आणि ते हसू हसला. ते अजून येत होतं. गाल आपोआप वर चढले, कानशिलाजवळ शीर तडतडली, आणि अंधार झाला. तो तसाच अंधारात उभा राहिला. ज्या हसण्यावर जन्म काढला ते हसू त्याने आरशात कधी पाहिलंच नव्हतं. पाहता येणंच शक्य नव्हतं. त्या हसण्यात त्याचे डोळे गच्च मिटत. पोस्टरवर, पडद्यावर, मुखवट्यावर, डोळ्यांच्या जागी दोन बारीक रेषा होत्या. लोक म्हणत, लच्छूचे डोळे बंद झाले की आमचं पोट दुखायला लागतं. त्याने गाल सोडले. आरशात एक सुरकुतलेला, मोठ्या डोळ्यांचा माणूस होता, त्याला कुणी ओळखत नव्हतं. वाघाला वाटलं पाहिजे की माणूस बघतो आहे. आणि त्या बाईच्या पाठीवर एक माणूस होता, तो बघत नव्हता.

हे हसू त्याने शोधलेलं नव्हतं. ते त्याला मोहाच्या झाडाखाली सापडलं होतं, किंवा त्या झाडाखाली ते त्याच्या तोंडावर येऊन बसलं होतं. आई गेल्यावर सोमारीबाईनेच त्याला वाढवलं. थोरली बहीण, तीही तेव्हा परकरातच, पण त्याला पाठीशी बांधून मोहा वेचायला जायची. चालता यायला लागलं तरी तो तिच्या पाठीवरच असायचा. एका सकाळी टोपली अर्धी झाली असताना झाडाच्या पलीकडून अस्वल आलं. तेही मोहफुलं खायलाच आलं होतं. ते मागच्या पायांवर उभं राहिलं आणि सोमारीबाईने त्याला पाठीवरून ओढून छातीशी घेतलं आणि कानात म्हणाली, "डोरे मिट. मी हाओ ना." त्याने डोळे मिटले. पोटातून भीती वर आली, गळ्यात अडकली, आणि तोंडातून बाहेर पडली ती हसू होऊन. तो हसत सुटला, थांबता येईना. बहिणीच्या छातीतली धडधड कानाला लागत होती आणि तो हसत होता. डोळे उघडले तेव्हा अस्वल नव्हतं. गावात बोलबाला झाला की इतवारीच्या हसण्याला भिऊन अस्वल पळालं. बापाने त्याला खांद्यावर घेऊन घरोघरी फिरवलं, हसून दाखव म्हणाला, हसू येईना तेव्हा चिमटे काढले. चिमट्यांनी आलं. पुढे मुंबईत एका दिग्दर्शकानेही तेच केलं. कोपऱ्यात उभ्या असलेल्या ह्या झाडीतल्या पोऱ्याच्या मागे त्याने गमतीने कुत्रं सोडलं आणि जे हसू निघालं ते बघून युनिट जमिनीवर लोळलं. मग प्रत्येक चित्रपटात लच्छूला भिववायचं ठरलं. भूत, दरोडेखोर, सासू, साप. काही दिग्दर्शक काय करणार ते सांगत नसत, कारण सांगितलं तर हसू नकली यायचं. एकदा विहिरीत खरंच ढकललं. तो टेक पहिल्याच वेळी ओके झाला. एकच भूमिका वेगळी मिळाली होती, मुलगा गेलेल्या बापाची. त्याने महिनाभर उघड्या डोळ्यांनी रडायचा सराव केला. चितेजवळच्या शॉटला लाइटवाला आधी फिसकन हसला, मग सगळे. दिग्दर्शकाने पाठीवर हात ठेवला. "तुझा दोष नाही रे," तो म्हणाला, "तुझं तोंडच तसं आहे." ते दृश्य दुसऱ्याला मिळालं. मुंबईत जो संसार होता तो अशाच काही दिवसांत संपला. बायको म्हणाली होती, तुम्ही रागावलात तरी मला खरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी तो बाबूभाईच्या दुकानात गेला. बाबूभाईचं मंडप-डेकोरेशनचं काम, पूर्वी टॉकीजचा कँटीनवाला, टॉकीज बंद पडल्यावर तिथलं भंगार त्याच्याच गोदामात आलं होतं. "या लच्छूभाई, बसा. तुमचंच नाव चालून राह्यलं सकाळपासून," बाबूभाई म्हणाला. वनखात्याने आधी वाटलेले मुखवटे फुटले, इतवारीच्या गावातली पोरं मागायला आली, गोदामात लच्छूच्या थप्प्याच्या थप्प्या पडल्या होत्या, त्या दिल्या फुकट. "गोदामात उंदरं खात होते तुमाले. आता जंगलात कामाले आले." इतवारीने खुर्चीच्या कडेला बसून सांगितलं, की त्या मुखवट्याचे डोळे मिटलेले आहेत. बाबूभाईने त्याच्याकडे पाहिलं, पुढच्या वाक्याची वाट बघितली. ते आलं नाही तेव्हा तोच म्हणाला, "मंग? वाघ काय चष्मा लावून येते का? त्याले तोंड दिसलं म्हणजे झालं. अन् हसनाऱ्या मानसाले कोन मारते?" कामावरचा माणूस झालर गुंडाळता गुंडाळता हसला. "रविवारी तुमच्याच गावात तुमचा सत्कार ठेवून राह्यले. पेपरवाले येतीन. ते डोळ्याचं काही काढू नका तिथी. बाया भेतीन अन् तुमालेच चुलीत घालतीन."

चुलीत. आपली थप्पी चुलीत वितळते आहे, गाल आधी, मग दात, असं त्याला दिसलं. तो सांगू शकला असता. गावाकडे फोन करायचा, सोमारीबाईच्या शेजारच्या मनकर्णेकडे निरोप द्यायचा, मुखवटे बांधू नका म्हणायचं. मोहाचा हंगाम होता, सगळ्या बाया उजाडायच्या आधी झाडाखाली असणार होत्या, सोमारीबाई त्यांत असणार होती. त्याने फोन हातात घेतला आणि ठेवला. फोनवर ते नीट सांगता येणार नाही. समोरासमोर सांगितलेलं बरं. सत्कार झाल्यावर सांगू, तेव्हा लोक ऐकतील. हे सगळं खरंही होतं. पण गावात पाय ठेवून किती वर्षं झाली, कुणी बोलावलं नव्हतं, आणि आता बोलावलं होतं, हेही खरं होतं. रविवारपर्यंत रोज सकाळी तो पेपर उघडून आधी वाघाची बातमी शोधायचा. नसली की त्याला हायसं वाटायचं. कशाचं हायसं वाटतं, बहीण जिवंत आहे याचं की सत्कार टळला नाही याचं, हे तो चहा गाळता गाळता मनात चाचपून बघायचा, आणि चहा ओतून झाला की सोडून द्यायचा.

गावातल्या शाळेच्या मैदानावर मंडप होता. सूत्रसंचालन प्रवीणकडे होतं, हा सफारीचा गाइड, चुणचुणीत, गॉगल कपाळावर. पेपरसाठी फोटो चांगला यावा म्हणून त्याने बायांना पाठमोरं बसवलं. इतवारी माइकसमोर उभा राहिला तेव्हा समोर ओळींनी त्याचेच चेहरे होते. काही तडकलेले, काहींचे दात पुसलेले, काहींच्या गालावर उंदरांनी कुरतडल्याच्या खुणा. सगळे हसत होते आणि एकाचंही लक्ष त्याच्याकडे नव्हतं. बोलायचं ते त्याने तोंडपाठ केलं होतं. तो म्हणाला, "ह्या मुखवट्याचे डोळे मिटलेले आहेत. वाघ ह्याला भिणार नाही." मग एक खांदा हलला, मग दुसरा, आणि समोरचे सगळे मुखवटे गदगदा हलायला लागले. त्याने पुन्हा सांगितलं, चिडून. चिडल्यावर त्याचा आवाज बारीक व्हायचा, तो चित्रपटांत प्रसिद्ध होता. हसू वाढलं. पुरुष मांड्यांवर थापा मारायला लागले. तिसऱ्यांदा सांगताना मात्र तो वाक्याच्या मध्ये थांबला. "वाघ ह्याला," म्हणाला, श्वास घेतला, मान तिरकी केली, "भिणार नाही." मंडप फुटायचा बाकी राहिला. हे थांबणं आपण मुद्दाम केलं, हे त्याला कळलं होतं. हाताला घाम आला होता आणि तो सुखाचा होता. प्रवीणने माइक घेतला. "लच्छूभाऊ अजून तसाच हाय," तो म्हणाला. "ज्यानं लहानपनी अस्वल पराऊन लावलं, त्याले वाघ काय करते?" मग शाल आली, झेंडूचा हार आला.

सोमारीबाई पहिल्या ओळीत होती हे त्याला ती उठून वळली तेव्हा समजलं. ती वाकून अर्धी झाली होती. "चाल घरी," ती म्हणाली. अंगणात सुकत घातलेल्या मोहाचा गोड, आंबूस वास होता, तो नाकात गेल्यावर त्याचे डोळे उगाच भरून आले. तिने खाट टाकली, पाणी दिलं, समोर जमिनीवर बसली आणि त्याला बघत राहिली. "म्हातारा झाला तू." "बाई, तो मुखवटा काढून टाक," तो म्हणाला. "मी थट्टा नव्हतो करत. त्याने वाघ थांबणार नाही." "तुवा तं मंडपात लय हासवलं." "ते हसले. मी खरंच सांगत होतो." तिने मुखवटा काढून मांडीवर घेतला, पदराने त्याचे गाल पुसले. "मले ठाऊक हाय डोरे मिटले हायेत ते. म्या आंधरी हाओ का?" ती म्हणाली. "म्याच सांगितलो होतो तुले, मिट म्हणून." मग तिने मुखवटा मांडीवर उलटा केला. "म्या एकच डाव पाह्यलो तुहा शिनिमा. टॉकीजमधी. तुले हिरीत लोटून देल्लं होतं. लोकं हासून राह्यले होते. मले ठाऊक, तू भेला होतास. म्या उठून बाहेर आलो."

विहिरीतलं पाणी थंड होतं, तळाशी गाळ होता, वरून हसण्याचे आवाज येत होते. त्या सगळ्या गर्दीत एक माणूस उठून बाहेर गेला होता, हे त्याला आज कळत होतं. त्याने मुक्कामाच्या पिशवीतून दाढीचं ब्लेड काढलं. मुखवटा तिच्या हातातून घेतला, खाटेच्या पाटीवर धरला आणि डोळ्यांच्या रेषांच्या जागी प्लास्टिक कापायला लागला. प्लास्टिक जुनं, कडक. दोन भोकं पडली, वाकडीतिकडी, एक मोठं एक लहान. त्याने चुलीतला कोळसा घेऊन कडेने काळं केलं, आत पांढऱ्या कागदावर बुबुळं काढून चिकटवली. उघड्या डोळ्यांचं ते हसू भयंकर दिसत होतं. वाघच काय, माणूसही थांबला असता. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच आपलं काम जमल्यासारखं वाटलं. सोमारीबाईने ते हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं. "हा कोन होय?" "मीच आहे, बाई." "नाई. हा तू नोहोस." तिने तो मुखवटा सांदीत ठेवला आणि फडताळातून दुसरा काढला, कोरा, मिटल्या डोळ्यांचा. "तीस वर्सं गावात आला नाई तू," ती म्हणाली, रागाने नाही, आज भाजी नाही म्हणावं तसं. "आता रोज येतेस माह्या संग. लहानपनी आनत होतो तुले पाठीवर, तसाच. ह्या डोरेवाल्याले घेऊन मी काय करू?"

सकाळी तो तिच्याबरोबर निघाला. अजून पुरतं उजाडलं नव्हतं, झाडांचे बुंधे तेवढे दिसत होते. मनकर्णा पुढे होती, आशाबाई होती, आणखी चारदोन बाया होत्या, सगळ्यांच्या पाठीवर तो होता. सगळ्यात मागे सोमारीबाई होती, कारण तिला भराभर चालता येत नव्हतं. तिच्या मागे तो चालत राहिला आणि थोड्या वेळाने त्याला कळलं, की वाघ शेवटच्यावर येतो आणि शेवटचा मी आहे, आणि माझ्या पाठीवर काहीच नाही. भीती वाटली. तिच्या मागोमाग एक साधा विचार आला, इतका साधा की तो आधी का आला नाही याची त्याला लाज वाटली. तो वळला. मागच्या जंगलाकडे तोंड केलं आणि उलट्या पावलांनी चालायला लागला. मुखवट्याला डोळे नव्हते, पण त्याला होते. मोठे होते. मुंबईत कुणाला नको होते ते.

बायांनी मागे वळून पाहिलं आणि त्या हसायला लागल्या. "पाह्य वो, लच्छूभाऊ उलटा चालून राह्यला," मनकर्णा म्हणाली. "कॅमेरा कुठी हाय, भाऊ?" आशाबाईने विचारलं. एका मुळीला टाच अडकून तो पडला, उठला, पुन्हा उलटा चालायला लागला. हसू वाढलं. हसू दे त्यांना, त्याने स्वतःला सांगितलं, फक्त आज आपल्या तोंडावर ते हसू यायला नको. तो गाल सैल सोडून, डोळे ताणून चालत होता. पापणी लवायची तर एका वेळी एकच लववता येते का, ते करून बघत होता. झाडाखाली पोचल्यावर बाया वाकल्या. रात्रभर गळलेली फुलं पाचोळा जाळलेल्या काळ्या जमिनीवर पसरली होती. सोमारीबाई वाकली तेव्हा तिच्या पाठीवरचा लच्छू आभाळाकडे तोंड करून, डोळे मिटून, उन्हाची वाट बघत पडल्यासारखा दिसायला लागला. वाकलेल्या माणसाचा मुखवटा वरच बघतो, हे कुणाच्याच डोक्यात आलेलं नव्हतं. मग त्याचे डोळे मिटलेले काय आणि उघडे काय. इतवारी तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, झुडपांकडे बघत. टोपलीत फुलं पडण्याचा बारीक आवाज मागून येत होता. इतक्या वर्षांत असं कुणासाठी उभं राहिलो नव्हतो, त्याला वाटलं. सत्कार याचा व्हायला हवा होता. ते वाटल्यावर तो स्वतःवरच वैतागला.

करवंदीच्या जाळीजवळचं गवत हललं नव्हतं. त्यात एक तोंड होतं, एवढंच. ते तिथे केव्हापासून होतं ते त्याला सांगता आलं नसतं. वाघ त्याच्याकडे बघत होता आणि तो वाघाकडे बघत होता. जमतं आहे, त्याला वाटलं, हे जमतं आहे, तो थांबला आहे, मी बघतो आहे म्हणून तो थांबला आहे. वाघाने एक कान हलवला. तेव्हा भीती पोटातून निघाली. तिचा रस्ता तो ओळखत होता. बेंबी, छाती, गळा. त्याने दात आवळले. त्याने विहीर आठवून बघितली, चिता आठवून बघितली, बापाचे चिमटे, काहीही, ज्याने गाल खाली राहतील. कानशिलाजवळची शीर तडतडली. गाल चढायला लागले, खालची पापणी वर ढकलली गेली, वाघ अर्धा झाला, मग एक पिवळी रेघ राहिली.

मग अंधार झाला आणि त्याच्या तोंडून ते हसू बाहेर पडलं, खणखणीत, पस्तिशीतलं. मागे बाया खदखदल्या. "हासनं सुरू केलं बाप्पा, लच्छूनं सुरू केलं," मनकर्णा म्हणाली. तिचं हसू मध्येच तुटलं. मग आशाबाईचं. मग बाकीच्यांचं एकेक करून थांबलं, आणि टोपलीत फुलं पडायचीही थांबली. झाडाखाली त्याचा एकट्याचा आवाज राहिला. त्याला तो थांबवता येईना.

"इतवारी," सोमारीबाई मागून म्हणाली, अगदी हळू, कानात म्हणावं तसं. "डोरे उघड."